यूटीएमवर पास, पण पेशींपुढे?

आपल्या मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये शिरलं की पहिलं दर्शन होतं ते यूटीएमचं. सळी लावा, ताण द्या, 'कट्' असा आवाज येईपर्यंत थांबा, रीडिंग घ्या, जर्नलमध्ये ग्राफ काढा, सरांची सही घ्या... संपलं! मटेरियल चांगलं की वाईट याचा निकाल आपण अशा प्रकारे चार वर्षं लावत असतो. किती ताण सोसला, किती दाब सोसला, कडकपणा किती, थकवा किती. त्यात चूक काहीच नाही. पूल, गिअर, बॉयलर यांना एवढंच विचारायचं असतं.

पण समजा तीच वस्तू माणसाच्या तोंडात राहणार असेल तर? दातात भरलेलं सिमेंट, कवळी, कॅप, ब्रिज, रात्री दातांवर चढवायचा गार्ड. मग 'तुटतं का?' एवढा एकच प्रश्न पुरत नाही. 'यातून काय सुटतं?' हा दुसरा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर यूटीएम देऊ शकत नाही. ते उत्तर जिवंत पेशींकडूनच घ्यावं लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की हा दुसरा प्रश्न डॉक्टरांचा म्हणून आपण इंजिनिअरांनी सोडून दिलाय, आणि तो तसा सोडून चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलच्या पोराला दातांचं काय पडलंय? सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या विंगमध्ये एक भन्नाट कल्पना निघाली होती. परीक्षेच्या दिवसांत झोपेत दात खाणारे दोन-तीन महाभाग प्रत्येक मजल्यावर असतातच (रूम पार्टनरला विचारा!). दवाखान्यात नाइट गार्ड करून घ्यायला पैसे लागतात. मग कुणीतरी म्हणालं, 'अरे, डिपार्टमेंटमध्ये रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे की! दातांचा साचा घेऊ, स्कॅन करू, प्रिंट मारू. शंभर रुपयांत काम!' कल्पना ऐकायला झकास होती. नशिबानं रेझिनच्या बाटलीवरच्या सूचना कुणीतरी वाचल्या. हातमोजे घाला, त्वचेला लागू देऊ नका, हवेशीर जागेत काम करा. जे बोटाला लागू द्यायचं नाही, ते रात्रभर आठ तास हिरड्यांना चिकटवून झोपायचं? बेत तिथंच बारगळला. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला हीच कल्पना सुचणार, आणि त्याच्या हातात कदाचित लेबल गेलेली बाटली असणार. म्हणून हा लेख.

कुणी म्हणेल, 'ओलं रेझिन वाईट असेल, पण कडक झाल्यावर तर ते प्लॅस्टिकच ना?' हाच तर खरा मुद्दा आहे. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी दोन प्रकारच्या थ्रीडी प्रिंटरवर छोट्या चकत्या छापल्या आणि त्या झेब्राफिश या माशाच्या भ्रूणांसोबत पाण्यात ठेवल्या. प्लॅस्टिकची तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरच्या चकत्यांचा परिणाम सौम्य होता. द्रव रेझिनपासून छापलेल्या चकत्यांच्या पाण्यातले भ्रूण मात्र सातव्या दिवसापर्यंत सगळे मेले. चकत्या दिसायला कडक, कोरड्या, गुळगुळीत होत्या. यूटीएमवर लावल्या असत्या तर त्या पासही झाल्या असत्या! पुढची गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. छापून झाल्यावर त्याच चकत्यांवर अतिनील किरणांचा मारा केला, तर त्यांचा विषारीपणा कमी झाला. म्हणजे मटेरियल तेच आणि प्रिंटरही तोच, फक्त एक प्रोसेस वाढली आणि निकाल बदलला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ही पेशींवरची चाचणी करतात तरी कशी? माझी मावसबहीण बीडीएसला आहे. तिच्याकडून समजून घेतलं आणि मग थोडं वाचलं. ऐकायला अवघड वाटतं, पण आपल्याकडे टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्या शेतकऱ्याला यातली निम्मी गोष्ट आधीच माहीत आहे. बाटलीत, निर्जंतुक खाद्यावर जीव वाढवायचा, आणि जराही बाहेरची घाण शिरली की सगळा लॉट वाया. तिथं रोप असतं, इथं प्राण्याच्या किंवा माणसाच्या पेशी असतात. तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या अंगाएवढं. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. खाद्य म्हणून गुलाबीसर रंगाचा द्रव.

या कामासाठी जगभर सर्रास वापरली जाणारी एक पेशी आहे, तिचं नाव एल-९२९. १९४० च्या दशकात अमेरिकेत एका उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीपासून ती मिळवली गेली, आणि तिची वंशावळ आजही वाढते आहे. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, म्हणजे एनसीसीएस आहे. १९८६ साली प्राण्यांच्या ऊती आणि पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून तिची सुरुवात झाली. देशभरातल्या संशोधकांना पेशी पुरवणारं भांडार तिथं आहे. आपल्याकडून सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारपर्यंत तिथं पोचता येतं, एवढं ते जवळ आहे!

चाचणी अशी. ज्या मटेरियलची परीक्षा घ्यायची त्याचा ठरलेल्या मापाचा तुकडा पेशींच्या खाद्यात ३७ अंशांवर साधारण २४ तास भिजत ठेवायचा. जे काही सुटायचं ते त्या द्रवात सुटतं. हा झाला अर्क. चहाची पुरचुंडी गरम पाण्यात सोडावी तसंच. पण 'एवढासा तुकडा, बादलीभर पाणी' अशी लबाडी चालत नाही. एक मिलिलिटर द्रवाला किती चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा हेही ठरलेलं आहे: अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ तुकड्याला ६, आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाडीला ३. मग हा अर्क पेशींना पाजायचा आणि पुन्हा एक दिवस थांबायचं.

दुसऱ्या दिवशी हजेरी! १९८३ साली मोसमन या संशोधकानं एक सोपी युक्ती सांगितली. एमटीटी नावाचा पिवळा रंग पेशींवर टाकायचा. जी पेशी जिवंत आहे ती त्याचं जांभळ्या रंगात रूपांतर करते. मेलेली पेशी काहीच करत नाही. जितकं गडद जांभळं, तितक्या जास्त पेशी जिवंत. रंग डोळ्यांनी मोजायचा नाही, यंत्रानं मोजायचा. ज्या पेशींना काहीच पाजलं नाही त्यांची हजेरी १०० टक्के धरायची आणि तिच्याशी तुलना करायची. आयएसओ १०९९३ या मानकाच्या पाचव्या भागात (२००९ ची आवृत्ती) सांगितलंय की हजेरी ७० टक्क्यांच्या खाली गेली तर त्या मटेरियलमध्ये पेशींना मारायची क्षमता आहे असं समजावं. थोडक्यात, ७५ टक्के हजेरी नसेल तर आपली टर्म जाते, तसंच इथं ७० टक्के! फरक एवढाच की इथं प्रॉक्सी लावता येत नाही.

शिवाय दोन साक्षीदार लागतात. एक, जो पेशींना नक्की मारतो असं माहीत असलेला नमुना. दुसरा, जो नक्की मारत नाही असा. पहिल्याजवळ पेशी जगल्या किंवा दुसऱ्याजवळ मेल्या, तर तुमची चाचणीच बिघडली आहे, मटेरियलला दोष देऊ नका. आपण मोजमापाच्या लॅबमध्ये आधी उपकरण तपासतो, मग जॉब मोजतो, त्यातलाच हा प्रकार. मला तरी यात कुठंही परकं काही वाटलं नाही. नमुना, कंट्रोल, माप, मर्यादा. ही आपलीच भाषा आहे.

आता मघाचा मुद्दा. विषारीपणा हा नुसता मटेरियलच्या नावाला चिकटलेला गुण नाही. तो प्रोसेसवर अवलंबून असतो.

कवळीचंच घ्या. गुलाबी कवळी बहुतेक वेळा ज्या प्लॅस्टिकची असते त्याला आपण पीएमएमए म्हणतो. पावडर आणि लिक्विड कालवायचं, साच्यात दाबायचं आणि पॉलिमरायझेशन होऊ द्यायचं. त्यातलं लिक्विड म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, हा मोनोमर. सगळा मोनोमर साखळीत बांधला गेला तर उत्तम. पण सगळा कधीच बांधला जात नाही, थोडा शिल्लक राहतो, आणि हा शिल्लक मोनोमर पेशींना मानवत नाही. नीट उष्णता देऊन, म्हणजे साधारण ७४ अंशांवर आठ-नऊ तास किंवा त्याच्या बरोबरीच्या सायकलनं, कवळी पकवली तर तो अर्ध्या टक्क्याच्या खाली येतो. उष्णता न देता खोलीच्या तापमानालाच घट्ट होणारा जो झटपट प्रकार आहे, त्यात हाच मोनोमर तीन ते पाच टक्क्यांपर्यंत राहू शकतो. मानकांमध्येही दोघांना वेगवेगळी कमाल मर्यादा आहे: उष्णतेच्या प्रकाराला २.२ टक्के आणि झटपट प्रकाराला ४.५ टक्के. वस्तू दिसायला तीच, रंग तोच, दातही तेवढेच पांढरे!

माझ्या चुलत आजीनं बाजाराच्या दिवशी एका माणसाकडून 'तासाभरात कवळी' करून घेतली होती. त्याच्याकडे ना बोर्ड ना पावती. आठ दिवस तोंडाची आग आग झाली, भाकरी सुटली, दूध-भात आणि वरणाचं पाणी यावर म्हातारी राहिली. ती आग मोनोमरनंच झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कवळी नीट बसली नाही तरी हिरडी सोलते. पण दोन्ही शक्यता तपासायला हव्यात हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नसेल, आणि आजीला तर कुणी सांगितलंच नाही. नंतर दवाखान्यात नवी कवळी झाली. तिथल्या डॉक्टर बाईंनी ती आधी दिवसभर पाण्यात भिजवून ठेवली आणि मगच दिली. का? तर वर-वरचा मोनोमर पाण्यात निघून जावा म्हणून. मला हे ऐकून आश्चर्यच वाटलं. एक तांब्या पाणी आणि एक दिवस धीर, एवढ्यावर निकाल बदलू शकतो!

दातात भरायच्या पांढऱ्या कॉम्पोझिटचंही असंच. निळा प्रकाश मारला की ते कडक होतं. पण त्यातले सगळे बंध जुळत नाहीत. साधारण अर्धे ते तीन-चतुर्थांश जुळतात, बाकीचे तसेच राहतात. प्रकाश कमी पडला, दिवा जुना झाला, किंवा घाईत दोन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटरचा थर एकदम भरला, तर वरून टणक आणि खाली कच्चं. अशा कच्च्या थरातून मोनोमर जास्त सुटतो, आणि खाली असतो दाताचा जिवंत गर. म्हणजे कंपनीच्या रिपोर्टमध्ये पास झालेलं मटेरियल खुर्चीवरच्या रुग्णाच्या दातात नापास होऊ शकतं. कारण रिपोर्ट प्रोसेसचा असतो, बाटलीचा नसतो. हे वाक्य मी माझ्या प्रोजेक्टच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि प्रोसेस कंट्रोल कुणाचा विषय? आपला! दिव्याची तीव्रता मोजणारा स्वस्त मीटर, कवळी पकवण्याच्या भांड्याचा तापमान-कंट्रोलर, प्रिंट धुऊन पुन्हा क्युअर करणारी पेटी... हे सगळं आपल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलच्या पोरांना सहज जमेल. नुसता लाइन फॉलोअर रोबो करून करून कंटाळा नाही का आला?

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, याला पेशींचं वेडच लागलंय.

पेशींच्या चाचणीचा निकाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. लवंग घ्या. दात दुखला की आजी लवंग धरायला सांगते, आणि दवाखान्यात झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं सिमेंट शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. हेच सिमेंट बशीतल्या पेशींवर थेट ठेवलं तर पेशी मरतात! मग दातात ते का चालतं? कारण दातात सिमेंट आणि गर यांच्यामध्ये डेंटिनचा थर असतो. त्यातून युजेनॉल अगदी हळूहळू, थोडं थोडं झिरपतं, आणि तेवढ्यानं ठणका शमतो. म्हणून दंतवैद्यकासाठीच्या आयएसओ ७४०५ मानकात डेंटिनची पातळ चकती मध्ये ठेवून करायची वेगळी चाचणीही आहे. प्रश्न नीट विचारला नाही तर उत्तर चुकीचं येतं, हे व्हायव्हाला बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

उलटही होतं. बशीत पेशी मजेत जगतात आणि माणसाला मात्र त्रास होतो. निकेल असलेल्या मिश्रधातूच्या कॅपनं एखाद्याला ॲलर्जी होते, दहाजणांना काहीच होत नाही. ॲलर्जी ही अख्ख्या शरीराची प्रतिक्रिया आहे. बशीतल्या एकट्या पेशीला ती कळत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. म्हणून पेशींची चाचणी ही दारावरच्या वॉचमनसारखी आहे. उघड गुंडाला तो आत सोडत नाही. पण त्यानं आत सोडलेला प्रत्येकजण सज्जन असतोच असं नाही.

मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. आमच्या एका सरांशी मी यावर वाद घातला. (सर, रागावू नका, तुमचं नाव लिहीत नाही!) सरांचं म्हणणं, 'चांदी-पारा भरून लोकांनी दीडशे वर्षं काढली. अनुभव हीच मोठी चाचणी.' सरांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमॅल्गममध्ये साधारण निम्मा पारा असतो, तरी ते टिकलं, स्वस्त पडलं आणि कोट्यवधी दात त्यानं वाचवले. पण अनुभवाला एक खोड आहे. तो उशिरा बोलतो, आणि जोरात ओरडणाऱ्याचंच ऐकतो. दवाखान्याच्या मोरीतून नाल्यात गेलेल्या पाऱ्याची तक्रार करायला कुठलाच रुग्ण परत येत नाही. २०१३ साली मिनामाता करार झाला, भारतानं तो २०१८ मध्ये स्वीकारला आणि युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद सोडून अमॅल्गम बंद केलं. यामागं मुख्य चिंता पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्याची आहे. दीडशे वर्षांच्या 'अनुभवा'त हा प्रश्न किती उशिरा विचारला गेला बघा. अनुभव हवाच. पण माणसाच्या तोंडात घालण्याआधी दोन दिवसांत जे कळू शकतं, ते वीस वर्षांनी अनुभवातून कळून घ्यायचा हट्ट कशाला?

आणखी एक गोष्ट, जी मला वाचताना सगळ्यात जास्त टोचली. या पेशी येतात कुठून?

पूर्वी मटेरियल तपासायचं म्हणजे थेट प्राणी. सशाच्या, उंदराच्या कातडीखाली तुकडा पुरायचा आणि काय होतं ते बघायचं. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तिथं प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. बशीतल्या पेशी हा त्यातला पहिला पर्याय, आणि म्हणून मला ही चाचणी आवडते. पण इथंही हात अगदी स्वच्छ नाहीत. पेशींच्या खाद्यात जो सीरम घालतात तो गाईच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तापासून काढतात. त्याशिवाय चालणारी खाद्यं निघाली आहेत, पण सगळीकडे पोचलेली नाहीत. 'आम्ही प्राण्यांवर प्रयोग करत नाही' असं छातीवर बिल्ला लावून सांगण्याआधी हे माहीत असावं.

माणसाच्या पेशींची गोष्ट तर याहून अवघड आहे. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या गाठीतून १९५१ साली पेशी घेतल्या गेल्या. तिला विचारलंसुद्धा नाही. त्याच वर्षी ती वारली. पण 'हेला' नावानं तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतायत. त्यावर कंपन्या मोठ्या झाल्या, आणि तिच्या कुटुंबाला एका कंपनीशी तडजोड मिळाली ती थेट २०२३ साली. आता आपल्याकडे या. २००० साली संशोधकांनी दाखवून दिलं की काढलेल्या अक्कलदाढेच्या गरातून मूळपेशी मिळतात. दाताच्या मटेरियलची परीक्षा दाताच्याच पेशींवर घेता येणं ही फार मोठी सोय झाली. पण म्हणजेच तुमची-माझी अक्कलदाढ काढून डॉक्टर ज्या ट्रेमध्ये टाकतात, ती आता कचरा राहिलेली नाही. ती घेण्याआधी विचारलं पाहिजे, साध्या मराठीत समजावून सांगितलं पाहिजे, सही घेतली पाहिजे. ऊसतोडीला आलेली बाई असो नाहीतर हॉस्टेलचा पोरगा, दोघांनाही. 'त्यांना काय कळतंय' या वाक्यानंच १९५१ चा घोळ झाला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्याचं एक वेगळेपण आहे आणि ते आपण रोज बघत असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. लोणीला प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, आणि त्याच गावात प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्था, जिला २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तिचं ग्रामीण दंत महाविद्यालय. संगमनेरला अमृतवाहिनीचं अभियांत्रिकी कॉलेज आणि एसएमबीटीचं दंत महाविद्यालय. विळद घाटात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय जवळजवळ. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ, जिथं वनस्पतींच्या ऊती वाढवणारी माणसं आहेत. मोठ्या शहरांत ही कॉलेजं एकमेकांपासून दोन-दोन तासांच्या ट्रॅफिकवर असतात. आपल्याकडे सायकलवर जाता येतं! आणि तरीही भेट कुठं होते? गॅदरिंगला, क्रिकेटच्या मॅचला, नाहीतर हॉटेलात मिसळ खाताना. कुठंच काही चांगलं चालत नसेल असं मी म्हणत नाही. पण आपल्या हॉस्टेलवर विचारा, बीडीएसच्या पोरांचं मटेरियल्सचं पुस्तक कुणी उघडून बघितलंय का? त्यात आपलेच ताण-विकृतीचे ग्राफ आहेत. मी बघितलं तेव्हा हसूच आलं.

लॅब उभारायला पैसे लागतात हे खरं. निर्जंतुक हवेचं कपाट, इनक्युबेटर, सूक्ष्मदर्शक, रंग मोजायचं यंत्र, आणि सगळ्यात महाग म्हणजे रोज लक्ष देणारा माणूस. पेशींना दिवाळीची सुट्टी कळत नाही आणि लोडशेडिंगही कळत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजनं स्वतःची लॅब काढावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. वैद्यकीय, दंत आणि कृषी संस्थांत जे आहे त्याला आपण हात जोडावेत, आणि त्या बदल्यात आपलं कौशल्य द्यावं. त्यांना नमुने अचूक मापात पाडून हवे असतात, साचे हवे असतात, क्युअरिंगचं तापमान नोंदवणारी सर्किटं हवी असतात. आपल्याला आपल्या मटेरियलची पेशींपुढची परीक्षा हवी आहे. देवाणघेवाण झाली की!

माझ्या मते लगेच करण्यासारख्या गोष्टी तीन. पहिली, फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा: 'ही वस्तू शरीराला लागते का? कुठं, किती वेळ?' उत्तर 'हो' असेल तर पुढचं मार्गदर्शन घेतल्याशिवाय ती कुणाच्याही अंगावर, तोंडात, कानात घालायची नाही. मित्राच्या तर नाहीच. दुसरी, प्रिंटरच्या खोलीत मराठीत मोठा बोर्ड लावा की इथलं साधं रेझिन तोंडात घालायचं नाही. दातांसाठीची वेगळी, तपासलेली रेझिन्स मिळतात, पण तीसुद्धा कंपनीनं सांगितल्याप्रमाणेच धुऊन आणि क्युअर करूनच सुरक्षित ठरलेली असतात. नुसती महाग बाटली आणून भागत नाही. तिसरी, वर्षातून एक दिवस दोन्हीकडच्या पोरांनी एकत्र बसावं. त्यांनी आपल्या लॅबमध्ये यावं, आपण त्यांच्या. चहा-पोह्यांचा खर्च सोडला तर याला दमडी लागत नाही.

कायद्यानं आपलं काम बऱ्यापैकी केलंय. २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि काही साध्या वस्तू वगळता कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गातल्या उपकरणांनाही १ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना आवश्यक झाला. म्हणजे बाजारात येणाऱ्या मटेरियलला आता विचारणा होते. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत पोचतो. बाजाराच्या दिवशी पथारी टाकून बसलेल्या कवळीवाल्यापर्यंत किंवा हॉस्टेलच्या विंगमधल्या उत्साही प्रिंटरपर्यंत तो पोचेल याची खात्री नाही. तिथं माहितीच पोचली पाहिजे, आणि ती पोचवणारे आपणच. सुट्टीत गावी गेलात की घरच्यांना एवढं सांगा: कवळी तासाभरात मिळते म्हणून करू नका, आणि दातात काय भरलं त्याचं नाव डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट खूश होतो.

आपण डिग्री घेऊन बाहेर पडू तेव्हा आपल्यातले कितीतरी जण अशा वस्तू बनवतील ज्या कुणाच्या तरी शरीरात जातील. स्टेंट असेल, गुडघ्याची वाटी असेल, दाताचा स्क्रू असेल. ती वस्तू वापरणाऱ्याला ग्राफ वाचता येणार नाही. तो फक्त तोंड उघडेल आणि आपल्यावर विश्वास ठेवेल. त्या विश्वासाला फॅक्टर ऑफ सेफ्टी किती ठेवायचा, हे कुठल्याच डिझाइन डेटा बुकमध्ये दिलेलं नाही. तो आपला आपणच ठरवायचा आहे.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी